‘ग्रेड’ या शब्दाचे तीन अर्थ : पेट्रोल इंजिनाच्या ऑइलवरील लेखाचे वाचन

भंडारा जिल्ह्याच्या मोहाडी तालुक्यातील करडी आणि तिच्या आसपासची गावे ही धानशेतीची गावे होत. या भागात पेट्रोलवर चालणारे इंजिन म्हणजे मुख्यतः मोटारसायकल. तिच्यावर माणूस तालुक्याला जातो आणि प्रसंगी धानाचे पोतेही वाहून नेतो. अशा वाहनासाठी ऑइल विकत घेताना ग्राहकाच्या तोंडी बहुधा दोन वाक्ये असतात : ‘चाळीसचे द्या’ अथवा ‘चांगल्या ग्रेडचे द्या’. पहिल्या वाक्यातील ‘चाळीस’ ही ग्रेडच होय, आणि दुसऱ्या वाक्यातील ‘ग्रेड’ ही ग्रेडच होय. तथापि या दोन ग्रेडींचा परस्परांशी काहीही संबंध नाही. बाटलीवर याशिवाय तिसरीही एक ग्रेड छापलेली असते. मोटारसायकलच्या दृष्टीने तीच अनेकदा निर्णायक ठरते, आणि तिची मागणी मात्र क्वचितच केली जाते.

एकाच शब्दाखाली तीन भिन्न प्रकारची विधाने एकत्र आल्यामुळे होणारा हा घोटाळा केवळ शब्दार्थाचा नाही. त्याची किंमत इंजिनाला व क्लचला, म्हणजे अखेर ग्राहकाच्या खिशाला मोजावी लागते. ही तीन विधाने एकमेकांपासून वेगळी करणे आणि प्रत्येकाचे वाचन कोणत्या नियमाने करावे हे सांगणे, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

१. तेल, ऑइल आणि वंगण

प्रारंभी शब्दांचा थोडा विचार करणे आवश्यक आहे. मराठीत ‘वंगण’ हा शब्द मोटारींपूर्वीचा आहे. बैलगाडीच्या आसाला चाक कुरकुरू नये म्हणून जे लावावयाचे ते वंगण. झाडीबोलीत णकाराच्या जागी नकार येत असल्याने तेथे ते ‘वंगन’ होते. मोटारी आल्यावर ‘ऑइल’ हा शब्द आला, आणि बोलीने आपली कामाची वाटणी आपणच करून घेतली. जे खावयाचे, डोक्याला लावावयाचे अथवा दिव्यात घालावयाचे ते ‘तेल’. जे यंत्रात ओतावयाचे ते ‘ऑइल’. ‘गाडीचे तेल संपले’ असे कोणी म्हटले तर ऐकणारा पेट्रोल समजतो. ‘ऑइल संपले’ म्हटले की वंगण समजतो. हा भेद कोणत्याही कोशकाराने घालून दिलेला नाही; तो व्यवहारातून निर्माण झाला आणि स्पष्टपणे पाळला जातो.

‘ग्रेड’ या शब्दाच्या बाबतीत मात्र अशी वाटणी झाली नाही. मराठीत त्याला ‘प्रत’, ‘दर्जा’, ‘श्रेणी’ असे पर्याय आहेत; परंतु हे सर्व शब्द उच्चनीचतेचा भाव बरोबर घेऊन येतात. वरची प्रत आणि खालची प्रत, उच्च दर्जा आणि हीन दर्जा, पहिली श्रेणी आणि दुसरी श्रेणी ही त्यांची स्वाभाविक जोडपी होत. त्यामुळे बाटलीवर ‘ग्रेड’ म्हणून जे जे छापलेले असेल त्यात चढउतार असलाच पाहिजे, असे वाचक गृहीत धरतो. वस्तुतः तिघांपैकी एकाच विधानात तसा चढउतार आहे. उरलेल्या दोघांपैकी एक मान सांगते व दुसरे वर्ग सांगते.

२. मान : जाडीचे आकडे

बाटलीवर ‘एसएई २०डब्ल्यू-४०’ किंवा ‘एसएई १०डब्ल्यू-३०’ असे जे लिहिलेले असते ते श्यानतेचे, म्हणजे द्रवाच्या वाहण्याला होणाऱ्या अंतर्गत विरोधाचे, मान होय. व्यवहारात आपण ज्याला ऑइलचा जाडपणा व पातळपणा म्हणतो तो हाच. एसएई ही अमेरिकेतील मोटार अभियंत्यांची संस्था १९०५ साली स्थापन झाली, आणि ऑइलच्या जाडीचे तिने केलेले वर्गीकरण १९११ पासून, पुढे अनेकदा सुधारले जाऊन, चालत आलेले आहे.

आकड्यांच्या या जोडीतील दुसरा आकडा तापलेल्या ऑइलविषयी बोलतो. १०० अंश सेल्सिअस तापमानास ज्याची श्यानता ९·३ ते १२·५ सेंटिस्टोकच्या दरम्यान भरते ते ‘३०’. १२·५ ते १६·३ च्या दरम्यान भरते ते ‘४०’. १६·३ ते २१·९ च्या दरम्यान भरते ते ‘५०’. तुलनेसाठी असे सांगता येईल की, साध्या पाण्याची श्यानता २० अंशास सुमारे १ सेंटिस्टोक असते. येथे ‘४०’ हा आकडा स्वतः श्यानतेचे मूल्य नव्हे, आणि ‘४०’ हे ‘२०’ च्या दुप्पटही नव्हे. ज्याप्रमाणे स्वरांच्या अखंड पट्ट्यावर भाषा आपल्या सोयीने रेषा आखते आणि रेषेच्या एका बाजूस ‘इ’ व दुसऱ्या बाजूस ‘ए’ असे म्हणते, त्याप्रमाणे श्यानतेच्या अखंड पट्ट्यावर आखलेल्या घरांची ही नावे आहेत. १२·४ श्यानतेचे ऑइल ‘३०’ आणि १२·६ श्यानतेचे ऑइल ‘४०’ ठरते. त्या दोहोंत प्रत्यक्ष फरक अल्पच असतो.

पहिला आकडा व त्यामागील ‘डब्ल्यू’ हे अक्षर थंडीविषयी बोलतात. ‘डब्ल्यू’ हे हिवाळा या अर्थाच्या इंग्रजी शब्दाचे आद्याक्षर होय. ते वजन या अर्थाच्या शब्दाचे आहे असाही समज ऐकू येतो. तो निराधार आहे. ‘१०डब्ल्यू’ ऑइलची कसोटी उणे २५ अंशास व ‘२०डब्ल्यू’ ऑइलची उणे १५ अंशास घेतली जाते, आणि तेवढ्या थंडीत गोठलेल्या इंजिनाला सुरू होण्यापुरते फिरता येईल इतपत ते पातळ राहिले पाहिजे अशी अट असते. भंडाऱ्यात पारा शून्याच्या जवळपासही जात नाही. मग या आकड्याचा येथे उपयोग काय? तो असा की, इंजिनाच्या झिजेचा मोठा भाग ते सुरू होतानाच्या काही क्षणांत होतो. त्या वेळी ऑइल तळाशी उतरलेले असते व त्याला वरच्या भागांपर्यंत चढावयाचे असते. पौषातील पहाटे ‘१०डब्ल्यू’ ऑइल ‘२०डब्ल्यू’पेक्षा लवकर वर पोचते. म्हणून हा आकडा उष्ण प्रदेशात निरर्थक नाही, फक्त कमी निकडीचा आहे. आणि म्हणूनच आपल्याकडे ‘२०डब्ल्यू-४०’ व ‘२०डब्ल्यू-५०’ ही ऑइले दीर्घकाळ विनासायास वापरात राहिली.

आता ‘चाळीसचे द्या’ या मागणीचे मूल्यमापन करता येईल. ‘४०’ हे ‘३०’ पेक्षा जाड आहे. चांगले अथवा वाईट नाही. इंजिनाच्या भागांतील फटी किती ठेवल्या आहेत आणि ऑइलचा पंप किती दाब देतो यांवर कोणती जाडी योग्य हे अवलंबून असते, आणि ते इंजिन बनविणाऱ्याने ठरविलेले असते. अतिपातळ ऑइल दोन धातूंमधला पडदा टिकवू शकत नाही. अतिजाड ऑइल बारीक फटींत वेळेवर शिरत नाही व इंजिनाची शक्ती स्वतःलाच घुसळण्यात खर्च करविते. उन्हाळ्यात आपल्याकडे पारा ४५ अंशांवर जातो म्हणून जाड ऑइल घालावे, हा युक्तिवादही अपुरा आहे; कारण चालत्या इंजिनातील ऑइल १०० अंशांच्या आसपास असतेच, आणि मान ठरविताना ते गृहीत धरलेले आहे. जेथे निर्मात्याने दोन जाडींची मुभा दिली असेल तेथेच ऋतूचा विचार करणे प्रशस्त.

३. क्रम : दर्जाची अक्षरे

दुसरे विधान ‘एपीआय एसएल’, ‘एपीआय एसएन’ अशा अक्षरांचे असते. गुणवत्तेचा खरा चढउतार येथे आहे. एपीआय ही अमेरिकेतील पेट्रोलियम उद्योगाची संस्था १९१९ ची. तिच्या वर्गीकरणाचा इतिहास भाषेच्या अभ्यासकाला विशेष बोधप्रद वाटेल असा आहे.

१९४७ साली तिने ऑइलचे तीन वर्ग केले आणि त्यांना विशेषणांची नावे दिली : साधारण, उत्तम व कष्टाच्या कामाचे. १९५२ साली ही पद्धत बदलून इंजिनावर पडणाऱ्या भाराप्रमाणे हलका, मध्यम व तीव्र असे भेद करण्यात आले, आणि पेट्रोल इंजिनांसाठी ‘एमएल’, ‘एमएम’, ‘एमएस’ ही नावे आली. परंतु इंजिने बदलत गेली, त्यांची अपेक्षा वाढत गेली, आणि ‘एमएस’ या एकाच नावाखाली १९६४ साली एक कसोटी व १९६८ साली तिच्याहून कडक कसोटी लागू झाली. नाव तेच राहिले, अर्थ मात्र बदलला. केवळ ‘एमएस’ असे वाचून बाटलीत कोणत्या सालचे ‘एमएस’ आहे हे कळेना. विशेषणांचा हा स्वभावच आहे. ‘उत्तम’ हा शब्द नेहमी कशाच्या तरी तुलनेत उत्तम असतो, आणि तुलनेचा आधार सरकला की शब्द जागीच राहून खोटा पडतो.

१९७० च्या सुमारास यावर जो उपाय योजला गेला तो साधा व टिकाऊ होता. विशेषणे टाकून वर्णमालेचा क्रम घेण्यात आला. पेट्रोल इंजिनांसाठी पहिले अक्षर ‘एस’, आणि त्यापुढे ए, बी, सी असे एकेक अक्षर. १९६४ चे ‘एमएस’ ते ‘एससी’ झाले व १९६८ चे ‘एसडी’. नवी कसोटी आली की जुने नाव तसेच ठेवून पुढचे अक्षर घ्यावयाचे. म्हणजे कोणत्याही नावाचा अर्थ पुन्हा बदलणार नाही. ‘एसएन’ २०१० साली आले, ‘एसपी’ २०२० साली, व ‘एसक्यू’ २०२५ साली. मध्ये ‘एसआय’, ‘एसके’ व ‘एसओ’ ही नावे वगळलेली आहेत. त्या रिकाम्या जागांना दर्जाच्या दृष्टीने काही अर्थ नाही.

या अक्षरांमागे काय असते हे पाहिले म्हणजे त्यांचे महत्त्व ध्यानात येईल. खनिज तेलापासून वंगणाचे मूळ तेल काढले जाते. महाराष्ट्रात हे काम मुंबईला ट्रॉम्बे येथे १९६९ पासून, प्रथम लूब इंडिया या कंपनीच्या व १९७४ नंतर हिंदुस्तान पेट्रोलियमच्या कारखान्यात, होत आले आहे. नुसते मूळ तेल बाटलीत भरले तर त्याचा दर्जा ‘एसए’, म्हणजे क्रमातील सर्वांत खालचा. त्यात पूरक द्रव्ये मिसळल्याने दर्जा वाढतो. काही द्रव्ये काजळी धुऊन काढतात, काही तिचे कण तरंगत ठेवतात, काही झीज थांबवितात, तर काही ऑक्सिडीकरण रोखतात. शेवटच्या कामाची कल्पना भंडारा जिल्ह्यातील वाचकाला सहज येईल. उभ्या धानात उतेरा पद्धतीने पेरलेल्या जवसाचे तेल लाकडावर चोपडले असता काही दिवसांत त्याची घट्ट, चिवट साय बनते. हवेतील ऑक्सिजनाशी संयोग होऊन लहान रेणू एकमेकांना जोडले जातात व तेल द्रव राहत नाही. इंजिनाचे ऑइल जवसाच्या तेलापेक्षा कितीतरी स्थिर असते, आणि तेथील रासायनिक क्रियाही तपशिलात निराळी आहे. तथापि उष्णता व हवा यांच्या दीर्घ सहवासात तेही ऑक्सिडीकरणाने जाडावते, व तळाशी काळा गाळ साचतो. तो गाळ ऑइलच्या अरुंद वाटा बुजवितो.

दर्जाची अक्षरे देताना ऑइल प्रत्यक्ष इंजिनात घालून ठरावीक तास चालविले जाते आणि नंतर इंजिन उघडून दट्ट्यावरचा थर, झडपांच्या यंत्रणेची झीज, गाळाचे प्रमाण इत्यादींचे मोजमाप केले जाते. ‘एसपी’च्या कसोट्यांत टर्बोचार्जर असलेल्या लहान इंजिनांत कमी वेगास होणारे अकाली प्रज्वलन आणि टायमिंग चेनची झीज यांचीही परीक्षा आहे. नवे अक्षर सामान्यतः जुन्याची सर्व कामे करते. जुने मात्र नव्याच्या जागी चालत नाही. संस्थेने स्वतःच सांगितले आहे की, ‘एसए’ हे १९३० नंतरच्या, ‘एसबी’ १९५१ नंतरच्या, ‘एसएफ’ १९८८ नंतरच्या व ‘एसजी’ १९९३ नंतरच्या बहुतेक मोटारींच्या पेट्रोल इंजिनांस योग्य नाही. ‘एसएल’ची मर्यादा २००४ व ‘एसएन’ची २०२० ही आहे. ही सारी साले मोटारींना धरून सांगितलेली आहेत. मोटारसायकलचा विचार करताना त्यांच्या जोडीला तिसरे विधान वाचावे लागते, आणि त्या वाचनात जुन्या ‘एसजी’लाही अद्याप स्थान आहे.

४. वर्ग : क्लचचा प्रश्न

मोटारीत इंजिनाचे ऑइल केवळ इंजिनात असते. बहुतेक फोर-स्ट्रोक मोटारसायकलींत मात्र तेच ऑइल गिअरबॉक्समध्ये व क्लचमध्येही खेळते. क्लचच्या तबकड्या त्या ऑइलात बुडालेल्या असतात. येथे एक विरोध उत्पन्न होतो. इंजिनाला घर्षण कमी हवे असते. क्लचला घर्षण हवे असते, कारण त्याचे काम पकडून धरण्याचे आहे. पेट्रोल वाचावे म्हणून मोटारीच्या ऑइलांत घर्षण घटविणारी द्रव्ये जसजशी अधिक येऊ लागली तसतशी ती ऑइले मोटारसायकलच्या क्लचला प्रतिकूल ठरू लागली. म्हणून जपानच्या मोटार-मानक संस्थेने, म्हणजे जासोने, १९९८ साली ‘टी ९०३’ हे मानक काढले व ऑइलांचे ‘एमए’ आणि ‘एमबी’ असे दोन वर्ग केले. २००६ साली ‘एमए’चे ‘एमए१’ व ‘एमए२’ असे पोटभेद झाले.

‘एमए’ ऑइलात क्लचची पकड टिकते. ‘एमबी’ ऑइलात घर्षण कमी असते, व ते ज्यांचा क्लच ऑइलात बुडालेला नसतो अशा गिअरविरहित स्कूटरांसाठी योग्य होय. हे दोन वर्ग आहेत, दोन दर्जे नव्हेत. ‘बी’ हे अक्षर ‘ए’च्या मागून येते म्हणून ‘एमबी’ हलके, असे मानणे चूक. आणि स्कूटरसाठी ‘एमबी’ सांगितले असता ‘त्याहून वरचे’ म्हणून ‘एमए’ घालणे हेही चूक. पहिल्या चुकीपेक्षा उलट दिशेची चूक अधिक महाग पडते. गिअरच्या मोटारसायकलमध्ये ‘एमबी’ अथवा घर्षण घटविणारे मोटारीचे ऑइल घातले असता, मागे धानाचे पोते घेऊन चढ चढताना इंजिनाचा आवाज वाढतो व गाडी मात्र पुढे ओढत नाही. क्लचच्या तबकड्या घसरून जळू लागतात. अशा वेळी ऑइल ‘खालच्या ग्रेडचे’ असते असे नाही. ते क्रमात सर्वांत वरचेही असू शकेल; वर्ग मात्र चुकलेला असतो.

आणखी एक गोष्ट येथे नमूद केली पाहिजे. झीज थांबविणाऱ्या द्रव्यांत जस्त व फॉस्फरस यांचे संयुग प्रमुख असते. फॉस्फरसामुळे धुराड्यातील उत्प्रेरक निकामी होत जातो, म्हणून मोटारींच्या नव्या दर्जांत, विशेषतः पातळ ऑइलांत, त्याच्यावर वरची मर्यादा घातलेली आहे. जासोने मात्र मोटारसायकलच्या गिअरांच्या संरक्षणासाठी त्याला खालचीही मर्यादा, वजनाच्या ०·०८ टक्के, घातली आहे. गिअरांचे दाते ऑइलातील जाडी राखणारे लांब रेणू तोडतात, म्हणून तसे घोटले गेल्यावरही ऑइल ठरावीक मर्यादेपेक्षा पातळ होऊ नये अशीही अट आहे. जासोच्या मानकाला एपीआयचा ‘एसजी’ अथवा त्यावरचा दर्जा पुरतो, याचे कारण यात सापडते. मोटारीसाठी कालबाह्य झालेला दर्जा, मोटारसायकलसाठी या पुरवणी अटींसह ग्राह्य धरला गेला आहे.

५. आणखी काही चिन्हे

डिझेल इंजिनांच्या दर्जाचे पहिले अक्षर ‘सी’ असते. ट्रॅक्टरसाठी आणलेल्या ऑइलवर ‘एपीआय सीआय-४’ असे वाचावयास मिळते. यातील ‘४’ हा चौथा दर्जा नव्हे. फोर-स्ट्रोक इंजिनाची ती खूण आहे. काही बाटल्यांवर ‘सी’ व ‘एस’ या दोन्ही मालिकांची अक्षरे तिरप्या रेषेने जोडलेली असतात. असे ऑइल दोन्ही प्रकारच्या इंजिनांस उद्देशून असते. परंतु त्याच्यावर जासोचे चिन्ह नसेल तर क्लचविषयी ती बाटली मौन बाळगते, आणि मौनाचा अर्थ होकार असा घेता येत नाही. ट्रॅक्टरचे उरलेले ऑइल मोटारसायकलमध्ये ओतणाऱ्याने एवढे लक्षात ठेवावे. पेट्रोलमध्ये मिसळावयाचे टू-स्ट्रोक इंजिनाचे ऑइल तर सर्वस्वी निराळे. त्याचे दर्जेही निराळे, आणि फवारणीचा पंप त्या जातीचा असेल तर त्याला वरील तिन्ही विधानांतील एकही लागू नाही.

एपीआयचे वर्तुळाकार चिन्ह ज्या बाटलीवर असते तिच्यावर ही विधाने एकत्र वाचता येतात. वरच्या अर्धवर्तुळात दर्जा, मध्यभागी जाडी, आणि काही ऑइलांच्या बाबतीत खालच्या अर्धवर्तुळात इंधन वा साधनसामग्रीच्या बचतीचा उल्लेख. हा तिसरा उल्लेख गिअरच्या मोटारसायकलवाल्याने इशारा म्हणून वाचावा. हे चिन्ह परवान्यानेच वापरता येते. चिन्हाशिवाय नुसतेच ‘अमुक दर्जाच्या अपेक्षा पूर्ण करते’ असे छापलेले असेल तर ते निर्मात्याचे स्वतःचे विधान होय. ते खोटे असेलच असे नाही. परंतु दावा व परवाना यांत फरक आहे. दर्शनी बाजूस मोठ्या टाइपात छापलेली ‘सुपर’, ‘गोल्ड’, ‘प्रीमियम’ ही विशेषणे मात्र कोणत्याही मानकात बसत नाहीत. १९४७ च्या पद्धतीतून ज्या कारणासाठी विशेषणे काढून टाकावी लागली ते कारण त्यांनाही लागू आहे.

६. समारोप

वाचनाची रीत आता थोडक्यात सांगता येईल. वाहनासोबत मिळालेल्या पुस्तिकेत तिन्ही विधाने दिलेली असतात. त्यांपैकी मान व वर्ग जसेच्या तसे जुळले पाहिजेत. तेथे अधिक वा उणे असा प्रश्नच उद्भवत नाही. क्रम मात्र सांगितलेला अथवा त्याच्या पुढचा चालेल, मागचा चालणार नाही. ‘चाळीसचे द्या’ ऐवजी ‘वीस-चाळीस, एसएल, एमए’ अशी मागणी करण्यास चार शब्द अधिक लागतात. परंतु त्या चार शब्दांत दुकानदाराच्या मर्जीवर सोडलेले असे काही उरत नाही.

हे सर्व रोमन अक्षरांत, बाटलीच्या मागील बाजूस, बारीक टाइपात छापलेले असते. आपल्या ग्रामीण भागातील ग्राहक निरक्षर नाही. तो सातबारा वाचतो, बियाण्याच्या पिशवीवरील मुदत वाचतो, खताच्या पोत्यावरील ‘१०:२६:२६’ हे गुणोत्तर वाचतो, आणि त्यातला कोणता आकडा नत्राचा व कोणता पालाशाचा हेही त्याला ठाऊक असते. खताच्या आकड्यांचा अर्थ कृषिखात्याने, दुकानदारांनी व शेजाऱ्यांनी मराठीतून इतक्या वेळा सांगितला की तो सर्वांचा झाला. ऑइलच्या अक्षरांचा अर्थ तसा कोणी सांगितलेला नाही, म्हणून ‘ग्रेड’ या एकाच शब्दावर भागवावे लागते. मान, क्रम आणि वर्ग हे तीन शब्द मराठीत नवे नाहीत. ते या कामी रुळविले, तर बोलीने ज्या सहजतेने तेल व ऑइल यांची वाटणी केली त्याच सहजतेने ती ग्रेडींचीही वाटणी करील.